अंक

तेव्हा अंक यायचे.
सामुद्रधुनीतून, जहाजाने, कधी सहा आठवडे उशिरा,
खाकी वेष्टणाला मिठाचा वास घेऊन.
मी लोखंडी कपाटाचा खण ओढायची,
त्या नियतकालिकाचं कार्ड शोधायची
आणि महिन्याच्या चौकोनात निळ्या पेन्सिलीने खूण करायची.
पोचला.

पुन्ता अरेनासमध्ये वारा सुटला की
रस्त्याच्या कडेला दोर बांधतात, माणसांनी धरून चालावं म्हणून.
मला ती कार्डं तशी होती.
एखादा चौकोन रिकामा राहिला की मी हाम्बुर्गला पत्र टाकायची:
खंड एकोणचाळीस, अंक तीन, अद्याप मिळालेला नाही, कृपया.
तीन महिन्यांनी का होईना, तो यायचा.
तो तर दोनदा आला.
दुसरा अजून माझ्या घरी आहे, चुलीमागच्या फळीवर.

आता अंक येत नाहीत, आकडे येतात.
दर पाच तारखेला तक्ता:
कोणी, काय, किती वेळा उघडलं.
समुद्री शेवाळ, एकशे बारा.
मेंढ्यांचे आजार, चाळीस.
लॅटिन व्याकरण, एक.
(ती मी असते. शून्य दिसलं की रद्द करतात.)
वाचलं किती, त्याला रकाना नाही.

"कागदाला कसर लागते," संचालक ओयार्सुन म्हणाले.
खरंच होतं ते.
तळघरातली वर्षं ट्रकात चढवताना
पानापानांतून त्या चंदेरी किडी पळाल्या,
आणि रिकाम्या फळ्यांवर
प्रत्येक खंडाच्या मापाची जागा उरली, धुळीने आखलेली.
यादीच्या तळाशी माझी सही आहे. एदेल्मिरा बार्रिआ.
चांगली वाचता येते.
मग तिथे टेबलं आली, हीटर आले,
मुलं कोट काढून बसू लागली.
मला आवडलं ते. खोटं कशाला बोलू?

आणि मिलेन्का.
पुएर्तो विल्यम्सची, बोटीने तीस तास लांब.
तिने आमचं दार कधी पाहिलेलं नाही.
मुलगा झोपला की ती शेवाळावरचा प्रबंध लिहिते,
रात्री दोनला आमच्या फळ्यांवर हात फिरवते,
ज्या फळ्या नाहीत.
माझ्या कपाटाने, माझ्या निळ्या पेन्सिलीने
तिला एक ओळसुद्धा दिली नसती.
हे मी स्वतःला अधूनमधून सांगते.

यंदा जानेवारीत बोलणी फिसकटली.
वर्गणी आहे तोवर वाचायचं, असं कलम बत्तीसमध्ये होतं.
मी वाचलं होतं ते,
जसं औषधाच्या पुडीतलं चिठोरं वाचतात.
सकाळी पडद्यावर: आपल्या संस्थेला परवानगी नाही.
नुसतं नवं वर्ष नाही. मागची वीस वर्षं,
जिची पै न् पै आम्ही मोजून दिली होती, तीही.
धुळीत मापसुद्धा उरलं नाही.

तिचा निरोप आला:
बाई, कालपर्यंत उघडत होतं. खंड एकेचाळीस.
मी काय कळवणार?
कोणाला पत्र टाकणार, कोणत्या हाम्बुर्गला?

रात्री घरी गेले. उन्हाळा, तरी चूल पेटलेली.
फळीवरून तो काढला. एकेचाळीस नव्हे, एकोणचाळीस.
पण त्यात त्याच खाडीची मोजणी होती,
जुनी, कुठल्याशा दुसऱ्या बोटीवरून केलेली.
स्वयंपाकघराच्या टेबलावर, एका हाताने पान दाबून,
एकेक फोटो काढत गेले.
अठरा पानं. वारा धुराड्यात घुमत होता,
दिवा दोनदा गेला.

पहाटे तिचं उत्तर:
पोचलं.
पान दोनशे बारा पुन्हा पाठवाल?
तुमच्या अंगठ्याखाली एक आकडा गेलाय.